रक्तक्षयाचे कोडे : लेखांक सातवा – फॉलिक आम्लाची आडवाट

दीर्घकालीन दाहात लोह शरीरातच अडकून कसे पडते आणि यकृतातून स्रवणारे हेप्सिडिन हे संप्रेरक त्याला कसे कारणीभूत ठरते, याचे विवेचन या लेखांकात व्हायचे होते. ते पुढील आठवड्यावर गेले आहे ते एका वाचक भगिनींच्या पृच्छेमुळे. त्यांना आमवात, म्हणजे ऱ्हुमटॉइड आर्थ्रायटिस, आहे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्झेट आणि वेगळ्या दिवशी फॉलिक आम्ल अशा गोळ्या चालू आहेत, पण हिमोग्लोबिन काही वर सरकत नाही. मेथोट्रेक्झेट हे फॉलिक आम्लाच्याच कार्यात अडथळा आणणारे औषध आहे असे वाचनात आल्यावर, मग दोन्ही एकाच रुग्णाला देण्यात अर्थ काय, असे त्यांनी विचारले आहे. प्रश्न रास्त आहे, आणि त्याच्या उत्तराची सुरुवात मुंबईत होत असल्याने आडवाट थोडी लांबली तरी चालण्यासारखी आहे.

लूसी विल्स या इंग्रज वैद्यक संशोधिका १९२८ मध्ये मुंबईत आल्या त्या गरोदर स्त्रियांमध्ये, विशेषतः कापडगिरण्यांत राबणाऱ्या स्त्रियांमध्ये, आढळणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचे कारण शोधण्यासाठी. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांचे बरेचसे काम झाले. या रक्तक्षयात तांबड्या पेशी संख्येने घटलेल्या पण आकाराने वाढलेल्या असत. सूक्ष्मदर्शकाखाली हे चित्र ‘पर्निशस ॲनिमिया’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकाराशी मिळतेजुळते होते, आणि त्या विकारावर यकृत खाऊ घालण्याचा उपाय १९२६ पासून ज्ञात होता. विल्स यांची तीक्ष्ण नजर दिसते ती पुढच्या पायरीवर. यीस्टचा अर्क असलेले ‘मार्माइट’ हे स्वस्त खाद्य दिल्यावर या स्त्रियांचे रक्त झपाट्याने सुधारत असे. उलट यकृताचा शुद्ध केलेला अर्क, जो पर्निशस ॲनिमियात हमखास लागू पडे, तो येथे निष्प्रभ ठरे. याचा अर्थ, दिसायला सारखे असलेले हे दोन रक्तक्षय दोन वेगवेगळ्या घटकांच्या अभावी होतात. विल्स यांनी १९३१ मध्ये मार्माइटसंबंधीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यातील अज्ञात द्रव्य काही काळ ‘विल्स घटक’ म्हणूनच ओळखले गेले. पुढे पालकाच्या पानांतून वेगळे काढलेल्या याच द्रव्याला १९४१ मध्ये फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत त्याचे कृत्रिम संश्लेषण १९४५ च्या सुमारास साधले, आणि त्या संशोधनाचे नेतृत्व आंध्रात जन्मलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते.

पेशीचे विभाजन व्हायचे तर आधी डीएनएची नक्कल तयार व्हावी लागते आणि त्या कामी फोलेट, म्हणजे फॉलिक आम्लाचे शरीरातील रूप, लागते. ते अपुरे पडले की अस्थिमज्जेतील पेशी वाढत राहते पण वेळेवर विभागत नाही, म्हणून मोठ्या पेशी. लेडर्लीतील रसायनशास्त्रज्ञांनी याच रेणूत फेरफार करून अमिनॉप्टेरिन व मेथोट्रेक्झेट ही विरोधी द्रव्ये बनवली. बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी १९४७-४८ मध्ये अमिनॉप्टेरिन रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिले. आमवातावरील त्याचा प्रयोग १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला, पण मेथोट्रेक्झेटची आठवड्यातून एकदा अल्प मात्रा ही आजची पद्धत रुळायला १९८० चे दशक उजाडले.

या अल्प मात्रेतच वाचक भगिनींच्या शंकेचे उत्तर आहे. कर्करोगात मेथोट्रेक्झेट मोठ्या मात्रेत पेशींचे विभाजन रोखण्यासाठी दिले जाते. आमवातात मात्र त्याचा गुण बव्हंशी ॲडिनोसिन या दाहशामक द्रव्याच्या वाढीतून येतो असे मानले जाते, म्हणजे फोलेटची कोंडी हा तेथे मुख्य मार्ग नसून बराचसा उपद्रवच आहे. त्यामुळे वेगळ्या दिवशी घेतलेले फॉलिक आम्ल मळमळ आणि यकृतावरील ताण कमी करते, पण सांध्यांवरील गुण फारसा हिरावून घेत नाही. साप्ताहिक गोळी चुकून रोज घेतली गेली, मूत्रपिंडे दुर्बल असली, किंवा कोट्रायमोक्झॅझोलसारखे जंतुनाशक जोडीला आले, तर मात्र अस्थिमज्जा धोकादायक रीतीने दबू शकते. तोंडात अचानक फोड येणे ही त्याची आरंभीची खूण असते आणि तिच्याकडे दुर्लक्ष करणे जिवावर बेतू शकते.

तरीही हिमोग्लोबिन का वाढत नाही, हा भाग उरतोच. रक्ततपासणीच्या अहवालात एमसीव्ही हा आकडा असतो, तो तांबड्या पेशींचे सरासरी आकारमान सांगतो आणि प्रौढांत साधारण ८० ते १०० फेम्टोलिटर असतो. लोह कमी पडले की पेशी लहान होतात, फोलेट किंवा बी-१२ जीवनसत्त्व कमी पडले की मोठ्या. पण आमवाताच्या रुग्णात वेदनाशामक गोळ्यांमुळे जठरातून थोडा थोडा रक्तस्राव होऊन लोहाची ओढ आणि मेथोट्रेक्झेटमुळे फोलेटची ओढ ही दोन्ही एकाच वेळी असू शकतात, आणि मग सरासरी अगदी निर्दोष दिसते. सरासरी काढणे म्हणजेच फरक लपवणे, ही गोष्ट दवाखान्यात वारंवार विसरली जाते. एमसीव्हीच्या जवळच छापलेला आरडीडब्ल्यू हा आकडा पेशींच्या आकारातील विषमता दाखवतो. तो वाढलेला असेल तर रक्ताचा पातळ थर काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचा जुना उपाय करणे केव्हाही श्रेयस्कर, कारण यंत्राने एका आकड्यात मिसळलेल्या दोन प्रकारच्या पेशी तेथे शेजारी शेजारी दिसतात.

बी-१२ चा मुद्दा याहून नाजूक आहे. आमवाताप्रमाणे पर्निशस ॲनिमिया हाही स्वयंप्रतिकार विकारच. त्यात शरीराची प्रतिकारयंत्रणा जठराच्या ज्या पेशींवर उलटते, त्यांच्या स्रावाविना आतड्यात बी-१२ शोषले जात नाही. एक स्वयंप्रतिकार विकार असलेल्या व्यक्तीत दुसरा जडण्याची शक्यता एरवीपेक्षा जास्त असते, आणि आहार शाकाहारी असेल तर बी-१२ चा साठा मुळातच तोकडा असू शकतो. अशा वेळी फॉलिक आम्लाने रक्ताचे आकडे काही काळ सुधारतात, पण मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते. म्हणून पायांना मुंग्या येत असतील किंवा चालताना तोल जात असेल, तर फॉलिक आम्लाची मात्रा वाढवण्यापूर्वी बी-१२ ची पातळी तपासून घेणे आवश्यक ठरते.