खाड्यांनी मोजलेला दिवस

सायकलवर तंबू बांधून कोकणच्या किनाऱ्याने निघालेल्या माणसाने किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नये. दाभोळ ते गणपतीपुळे साधारण 70 किलोमीटर. सोलापूरकडच्या सपाट रस्त्यावर एवढे अंतर दुपारच्या जेवणाआधी उरकते. इथे उजाडल्यापासून मावळतीपर्यंतचा सगळा दिवस लागतो. गावे समुद्राच्या पातळीला आणि दोन गावांच्या मध्ये जांभ्याचा उंच सडा. गाव सोडले की चढण, सड्यावर थोडा दम, की लगेच पुढच्या गावाचा उतार. दिवसभर हेच.

डिसेंबरातली आमची सकाळ दवाने भिजलेल्या तंबूपासून सुरू झाली. तो वाळण्याची वाट पाहत बसलो असतो तर थंड वेळेतली चढण हातची गेली असती. म्हणून ओलाच गुंडाळला आणि दुपारच्या विसाव्याला पसरला. तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, हत्यारे, पाणी मिळून प्रत्येकाकडे 15 किलोंचे ओझे होते. जड वस्तू पिशव्यांच्या तळाशी आणि दोन्ही बाजूंना सारखे वजन, एवढे पाळले नाही तर उतारावर हँडल डुलू लागते.

दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळातले गजबजलेले बंदर. इथे वाशिष्ठी समुद्राला मिळते. खाडी ओलांडायला जंगलजेटी आहे. ट्रक, मोटारी, दुचाक्या यांच्यामध्ये सायकली उभ्या केल्या आणि थोड्याच वेळात पलीकडे धोपाव्याला उतरलो. सागरी महामार्गाच्या आराखड्यात या खाड्यांवर पूल आहेत. ते झाले की वेळ वाचेल, पण सायकलवाल्याच्या पायांना मिळणारी ही हक्काची विश्रांती जाईल.

धोपाव्याची चढण चढताना एकच नियम उपयोगी पडतो: दम लागण्याआधी गिअर हलका करायचा. ओझ्याच्या सायकलवर उभे राहून पायडल मारले की गुडघे दुखावतात. बसूनच, हलक्या गिअरवर, बोलता येईल इतक्याच वेगाने चढावे. फारच झाले तर उतरून ढकलावे, त्यात कमीपणा नाही. 1923 साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा 1928 साली तो पुरा करून परतले. आजच्यासारखे हलके गिअर त्यांच्याजवळ नव्हते. त्या चढणीवर मला त्यांची फार आठवण झाली.

गुहागरला पोहे आणि कोकम सरबत घेतले. घामाबरोबर मीठ जाते, नुसत्या पाण्याने ते भरून निघत नाही. वेळणेश्वरच्या अलीकडे उतारावर मागच्या चाकाचा स्पोक तुटला, आणि तोही चेनच्या बाजूचा. त्या बाजूला ताण जास्त असतो आणि तो बदलायला फ्रीव्हील काढावे लागते. आमच्याकडे ते हत्यार नव्हते. शेजारचे स्पोक थोडे ढिले-घट्ट करून चाक ब्रेकला घासणार नाही इतके सरळ केले आणि मागचे काही सामान सोबत्याने घेतले. त्या दिवसापासून जादा स्पोक आणि फ्रीव्हीलची चावी मी कधी घरी ठेवलेली नाही.

हेदवीच्या दशभुज गणेशाला नमस्कार करून तवसाळ गाठले. पुन्हा जंगलजेटी, पलीकडे जयगड. ही शास्त्री नदीची खाडी. दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा सुटला आणि पाठीशी लागला. किनाऱ्याचा प्रवास उत्तरेकडून दक्षिणेकडे करावा तो याचसाठी. उलट्या दिशेने आलेल्यांना हाच वारा सड्यावर रडवतो.

मालगुंड हे केशवसुतांचे जन्मगाव. तिथून गणपतीपुळे अगदी जवळ, पण उजेड संपत आला होता. मुक्कामाची जागा उजेड असतानाच ठरवावी आणि ती विचारून ठरवावी. आम्ही एका वाडीत गेलो, घरातल्या काकूंना विचारले. त्यांनी विहीर दाखवली, माडांखालची जागा दाखवली आणि ‘वर नारळ बघा हो,’ म्हणून तंबू चार हात सरकवायला लावला.

किनाऱ्यावरच तंबू ठोकावा असे नवख्यांना वाटते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी किती वर येते हे वाळूवरच्या काडीकचऱ्याच्या रेषेवरून कळते. पण त्या रेषेच्या वरची मऊ वाळूही आपली नाही. हिवाळ्यात वेळास, गुहागर आणि कोकणातल्या इतर अनेक किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासविणी रात्री तिथेच अंडी घालायला येतात. माणसाची चाहूल आणि दिवे दिसले तर त्या अंडी न घालताच मागे फिरतात. पिल्ले बाहेर पडली की उजेडाकडे धावतात, आणि तो उजेड समुद्राचा नसून आपल्या विजेरीचा असेल तर ती पाण्याऐवजी जमिनीकडे जातात. तेव्हा या हिवाळ्यात सायकल घेऊन कोकणात उतरणार असाल, तर तंबू वाडीत लावा आणि वाळूवर रात्री दिवा लावू नका.