ताप उतरला, पण फुप्फुस अजून आजारीच!

गेल्या हिवाळ्यात आमच्या दाजींना न्यूमोनिया झाला. दाजी सेंट्रिंगच्या कामावर जातात. थंडी वाजून ताप आला, खोकला सुरू झाला आणि श्वास घेतला की बरगडीत कळ येऊ लागली. सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो काढला, तर उजव्या फुप्फुसावर डाग दिसला. डॉक्टरीणबाईंनी सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि चौथ्या दिवशी दाजी डबा घेऊन कामावर निघाले.

"अहो, गोळ्या राहिल्यात अजून," आक्का म्हणाली.

"ताप गेला ना? ठेव त्या डब्यात. पोरांना खोकला झाला तर होतील."

दोन दिवसांनी दाजींना पुन्हा ताप भरला. या वेळी आठवडाभर दवाखान्यात पडून राहावे लागले. चार दिवसांची मजुरी वाचवायला गेलो आणि महिन्याची मजुरी गेली. ही चूक एकट्या दाजींची नाही, ती आपल्या घरोघरी होते. म्हणून या दुखण्याची नीट माहिती करून घेऊ या.

छातीत काय होते?

आपल्या फुप्फुसांत हवेच्या असंख्य बारीक पिशव्या असतात. न्यूमोनियात त्यांत पू आणि पाणी भरते. मग श्वास कितीही घेतला तरी प्राणवायू रक्तात पुरेसा पोचत नाही. हे दुखणे जीवाणूंमुळे होते तसे विषाणूंमुळेही होते. जीवाणूंमध्ये 'न्यूमोकोकस' हा मुख्य. अँटिबायोटिक फक्त जीवाणूंवर चालते. साध्या सर्दीपडशावर त्याचा काही उपयोग नाही.

पूर्वी या आजारावर औषधच नव्हते. सातव्या ते नवव्या दिवसाच्या सुमारास घाम फुटून ताप उतरायचा, नाहीतर माणूस जायचा. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलीनचा शोध लागला. आपल्याकडे पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि हे औषध देशात बनू लागले. १९४५ साली नोबेल पारितोषिक घेतानाच फ्लेमिंग यांनी इशारा दिला होता, की औषध अपुरे घेतले तर जंतू मरत नाहीत, उलट औषधाला दाद न देण्यास शिकतात.

बरे व्हायला किती दिवस?

योग्य औषध सुरू झाले की दोन-तीन दिवसांत ताप कमी होऊ लागतो. तीन दिवसांत काहीच उतार पडला नाही, तर परत डॉक्टरांकडे जावे. साध्या न्यूमोनियाला मोठ्या माणसांना बहुधा ५ ते ७ दिवस गोळ्या पुरतात. आजार जड असेल तर जास्त दिवस लागतात. दिवस किती, हे डॉक्टरांनी ठरवायचे. आपल्या मनाने कमी करायचे नाहीत आणि वाढवायचेही नाहीत.

गोळ्या संपल्या म्हणजे अंगात ताकद आली असे नव्हे. साधारणपणे आठवड्यात ताप जातो. चार आठवड्यांत छातीचे दुखणे आणि कफ बराच कमी होतो. सहा आठवड्यांत खोकला आणि दम लागणे पुष्कळ कमी होते. थकवा मात्र तीन महिनेही राहू शकतो. तेव्हा गोळ्या संपल्या तरी लगेच जड ओझे उचलू नये. ईएसआयची वर्गणी नियमित भरलेल्या कामगाराला डॉक्टरांच्या दाखल्यावर वर्षात ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम आजारपणाच्या काळात मिळते. हा आपला हक्क आहे, तो सोडू नये. आणि विडी-सिगारेट पूर्ण बंद करावी.

खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर थुंकी तपासून घ्यावी. तो क्षय असू शकतो. ही तपासणी आणि क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

लेकरांचा श्वास मोजा

खोकणारे मूल शांत असताना घड्याळ घेऊन पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, दूध-पाणी न पिणे, झटके, सुस्ती, ओठ निळे पडणे ही धोक्याची चिन्हे आहेत. अशा वेळी १०८ ला फोन करून गाडी बोलवावी. म्हाताऱ्या माणसांना कधी कधी ताप येतच नाही. ती एकाएकी असंबद्ध बोलू लागतात, तेही लक्षण समजावे.

न्यूमोकोकसची लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत आहे. ती बाळाला सहाव्या आठवड्यात, चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात द्यायची असते. बाळाचे कार्ड काढून पाहा, एखादा डोस राहिला तर नाही ना?

दुकानातून मागून आणलेली, शेजाऱ्याची उरलेली, मोठ्याची अर्धी करून मुलाला दिलेली गोळी, हे तिन्ही प्रकार बंद झाले पाहिजेत. ज्या पट्टीवर लाल उभी रेघ असते, ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचेच नाही.

दाजी दोन महिन्यांनी कामावर गेले. पहिले पंधरा दिवस त्यांनी हलकेच काम मागून घेतले. आक्काच्या डब्यात आता एकही उरलेली गोळी नाही. आपल्याही घरचा डबा आज उघडून पाहावा.