संगणक आणि कायदा : जोड-पदवीला मुलाला घालण्यापूर्वी

बारावीचा निकाल लागला की आपल्या व्यापारी व कारागीर घरांत एकच चर्चा सुरू होते. मुलाला संगणकाकडे पाठवावे की वकिलीकडे? आता या दोन्हींची एकत्र पदवी देणारे अभ्यासक्रम काही विद्यापीठांत आहेत. बी.टेक. एलएल.बी. हे त्यांतले एक नाव. ही जोड आपल्या धंद्याच्या उपयोगाची आहे काय आणि तिच्यात खाचखळगे कोणते, हे येथे सांगण्याचा आमचा विचार आहे.

पूर्वी उधारी खतावणीत असे आणि ती वही कोर्टात ठेवता येई. आज ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते, नमुन्याचा फोटो मोबाईलवर जातो, पैसे यूपीआयने जमा होतात. गिऱ्हाईक उलटले तर पुरावा फोनमध्येच असतो. पण मेसेज छापून कोर्टापुढे ठेवले म्हणजे काम झाले, असे नाही.

आपल्या जालन्याचाच खटला पाहा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतले गेले, असा वाद झाला. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील व्हिडिओ चित्रणाचा. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, मूळ यंत्र कोर्टात आणले नसेल तर नकलेसोबत कायद्याने सांगितलेला दाखला हवाच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही असा दाखला आहे. त्याचा एक भाग पुरावा देणाऱ्याने व दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. त्यात फाइलची ‘हॅश’ लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसाच समजा. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी तो ठसा पार बदलतो.

नुसत्या वकिलाला येथे संगणक अडतो आणि नुसत्या संगणकवाल्याला कलम अडते. जोड-पदवीत प्रोग्रॅमिंग, नेटवर्क यांच्याबरोबर करार, पुरावा, २००० चा माहिती तंत्रज्ञान कायदा, कॉपीराइट, डिझाइन असे विषय येतात. कारागिरांनाही याचा फायदा आहे. नवी नक्षी बाजारात आणण्यापूर्वी डिझाइन कायद्याखाली नोंदवली तर १० वर्षे व पुढे आणखी ५ वर्षे संरक्षण मिळू शकते. नक्कल इंटरनेटवर विकली गेली तर ती शोधून पुराव्यात बसवणारा माणूस मात्र हवा.

आता खाचखळगे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे जोड-अभ्यासक्रम किमान ५ वर्षांचा असतो. बी.टेक.ची जोड असेल तर त्याहून अधिक काळ लागू शकतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मध्येच बाहेर पडून त्यातली एकच पदवी पदरात पाडून घेता येत नाही. आपल्या घरांत वडील आजारी पडले, धंदा अडला की मुलाला गल्ल्यावर बोलावले जाते. तिसऱ्या वर्षी असे झाले तर हाती काहीच उरत नाही.

म्हणून ज्यांच्या घरची परिस्थिती पक्की नाही, त्यांनी दुसऱ्या वाटेचा विचार करावा. आधी बी.सी.ए. किंवा बी.एस्सी. संगणक करावे आणि मग तीन वर्षांची एलएल.बी. करावी. यात वेळ एखादे वर्ष जास्त जाईल, पण पहिली पदवी तरी खिशात राहील. महाराष्ट्रात तीन व पाच वर्षांच्या दोन्ही एलएल.बी.साठी राज्याची सीईटी असते. खरगपूरच्या आयआयटीतही २००६ पासून विधी शाखा असून तेथे अभियंत्यांना तीन वर्षांची एलएल.बी. करता येते.

प्रवेशाची फी भरण्यापूर्वी त्या अभ्यासक्रमाला बार कौन्सिलची मान्यता आहे की नाही, हे स्वतः तपासावे. मान्यता नसेल तर सनद मिळत नाही. पदवीनंतर राज्य बार कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. तिची फी सर्वसाधारण वर्गासाठी ७५० रुपयांपेक्षा अधिक घेता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला आहे. पुढे अखिल भारतीय बार परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते.

मुलगा असो वा मुलगी, आवड दोन्ही विषयांची असेल आणि घरच्यांची पूर्ण मुदत थांबण्याची तयारी असेल, तरच जोड-पदवी घ्यावी. एरवी एक-एक पायरी चढणेच शहाणपणाचे.