साडेसोळा मिलिमीटरची बिरादरी

रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती बांधण्याचा छंद एकलकोंड्यांचा, अशी बाहेरच्यांची समजूत असते, आणि एखादा निवृत्त गृहस्थ माळ्यावरच्या खोलीत डोळ्याला भिंग लावून इवल्याशा डब्याच्या दाराला मूठ बसवताना दिसला, तर ती खरीही वाटते. प्रत्यक्षात ब्रिटन, अमेरिका आणि जर्मनी या देशांत हा छंद वाढला तो मंडळे, संघटना, ठरल्या वारी भरणाऱ्या बैठका आणि एकमेकांच्या घरी गाड्या चालवायला जाण्याची रीत यांच्या बळावर. लंडनचा ‘द मॉडेल रेल्वे क्लब’ १९१० साली स्थापन झाला आणि या प्रकारचे जगातले सर्वांत जुने मंडळ म्हणून तो ओळखला जातो. किंग्ज क्रॉस स्थानकाजवळ त्याची स्वतःची वास्तू आहे, आणि त्याच स्थानकाच्या उत्तरेकडचा दोन महायुद्धांमधल्या काळातला परिसर दाखवणारी ‘कोपनहेगन फील्ड्स’ ही प्रतिकृती सभासदांनी कित्येक वर्षे मिळून बांधली. इतका काळ माणसे प्रतिकृती मांडलेल्या एका फळीभोवती जमत राहतात, याचे कारण नुसत्या रेल्वेप्रेमात सापडत नाही. ते सापडते मापात. म्हणजे चाक, रूळ, जोडणी आणि वेळापत्रक यांविषयी या लोकांनी आपापसांत केलेल्या करारांत.

त्यासाठी दोन संज्ञा आधी वेगळ्या करून घ्याव्या लागतात. मूळ वस्तू किती पटींनी लहान केली आहे हे सांगणारा आकडा म्हणजे प्रमाण, आणि दोन रुळांच्या आतल्या कडांमधील अंतर म्हणजे गेज. जगात सर्वाधिक रुळलेले ‘एचओ’ हे प्रमाण १:८७ आहे, आणि १,४३५ मिलिमीटरचे प्रमाणभूत गेज त्यात साडेसोळा मिलिमीटरवर येते. ब्रिटनमध्ये मात्र घोटाळा झाला. तिथले पूल आणि बोगदे अरुंद असल्यामुळे तिथली इंजिने युरोपातल्या इंजिनांपेक्षा अंगाने बारीक, आणि सुरुवातीच्या काळात मिळणारी विजेची मोटर १:८७ मापाच्या इंजिनात मावेना. तेव्हा उत्पादकांनी इंजिने-डबे एका फुटाला चार मिलिमीटर, म्हणजे सुमारे १:७६, या प्रमाणात बनवले आणि रूळ मात्र साडेसोळाचेच ठेवले. ‘ओओ’ या नावाने चालत आलेल्या या तडजोडीत गाडी बाजूने देखणी दिसते, पण समोरून पाहिली की ती पाय जवळ घेऊन अवघडून उभी असल्यासारखी वाटते, कारण हिशेबाने गेज १८.८३ मिलिमीटर हवे. या जेमतेम सव्वादोन मिलिमीटरच्या फरकावरून ब्रिटिश छांदिष्टांत पंथ पडले. बहुसंख्यांनी ओओ पत्करले, काहींनी १८.२ मिलिमीटरचे ‘ईएम’ गेज निवडले, आणि कडव्यांनी अचूक १८.८३ चा, ‘पी-फोर’ नावाचा मार्ग धरला. गंमत अशी, की या फाटाफुटीने मैत्र्या वाढवल्याच. तयार इंजिन दुकानातून आणून नुसते रुळावर ठेवणे पी-फोरमध्ये जमत नाही. चाके बदलावी लागतात, सांधे स्वतः घडवावे लागतात, आणि हे काम एकट्याने पुस्तक वाचून शिकण्यासारखे नसल्यामुळे प्रत्येक पंथाची वेगळी सभा उभी राहिली, जिथे जाणकार नवख्याच्या हातातली हत्यारे धरून दाखवतो.

अमेरिकेत मापांवर एकमत करण्याची गरज अधिक रोखठोकपणे पुढे आली. एका कारखान्याचे डबे दुसऱ्याच्या डब्यांना जोडता येत नसत आणि एकाची चाके दुसऱ्याच्या सांध्यांवर घसरत, म्हणून १९३५ साली मिलवॉकी शहरात ‘नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन’ स्थापन झाली आणि तिने रूळ, चाके व जोडण्या यांची मापे ठरवायला घेतली. तिने प्रचारात आणलेली एक साधी वस्तू म्हणजे कडांना खाचा व दाते असलेली, तळहातावर मावणारी धातूची पट्टी. डबा वारंवार घसरू लागला की रुळांना दोष देण्याआधी तो उलटा करून या पट्टीच्या खाचा चाकांच्या जोडीवर बसवून पाहतात, कारण बहुतेक वेळा एका आसावरची दोन चाके एकमेकांकडे किंचित सरकलेली असतात. ओओच्या बाबतीत चाकांच्या पाठींमधले हे अंतर साधारण साडेचौदा मिलिमीटर असावे लागते. चाक आसावर हलकेच पिळून ते पूर्ववत करता येते. मंडळात नव्याने आलेल्याची पहिली ओळख अनेकदा याच उलट्या डब्यावरून होते, आणि ‘कोण, कुठले, काय करता’ हे प्रश्न बरेच नंतर येतात.

मंडळातली कामाची वाटणी कशी असते याचे सर्वांत परिचित उदाहरण मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील ‘टेक मॉडेल रेलरोड क्लब’चे आहे. १९४६ साली सुरू झालेल्या या विद्यार्थी मंडळात, स्टीव्हन लेव्ही यांच्या १९८४ सालच्या ‘हॅकर्स’ या पुस्तकात वर्णन केल्याप्रमाणे, दोन तट होते: फळीच्या वर डोंगर, घरे आणि डबे रंगवणारे, आणि फळीच्या खाली उताणे पडून टेलिफोन एक्स्चेंजमधल्या रिले जोडत, कोणत्या रुळावर कोणाची गाडी कोणत्या विजेवर चालेल याची यंत्रणा बांधणारी ‘सिग्नल्स अँड पॉवर’ ही उपसमिती. ठरावीक तास काम केल्यावाचून सभासदाला खोलीची किल्ली मिळत नसे. यांतलेच काही जण पुढे विद्यापीठातल्या पहिल्या संगणकांपाशी जाऊन बसले, आणि त्यामुळे संगणकाच्या इतिहासकारांना फळीची फक्त खालची बाजू आठवते. डोंगर रंगवणाऱ्यांवर हा अन्याय आहे, कारण वर पाहण्यासारखे काही असल्याशिवाय खालच्यांना एवढ्या तारा ओढायचे कारणच नव्हते.

या छंदातली सोबत सर्वांत दाट होते ती गाड्या ‘चालवण्याच्या’ रात्री. चालवणे याचा अर्थ इथे गोल फिरवणे असा नाही. १९४० च्या दशकात फ्रँक एलिसन या अमेरिकी छांदिष्टाने प्रतिकृतीला रंगमंच आणि गाड्यांना नट मानून लेख लिहिले आणि प्रत्येक गाडीला जाण्याचे कारण, ठिकाण आणि वेळ हवी, हा विचार रुजवला. आजही बैठकीला जमलेल्यांना कामे नेमून दिली जातात: एकजण नियंत्रक, एकजण मोठ्या यार्डाचा प्रमुख, बाकीचे चालक. भिंतीवरचे घड्याळ मुद्दाम चार किंवा सहा पट वेगाने धावते, कारण प्रतिकृतीतली अंतरे इतकी लहान असतात की खऱ्या घड्याळावर दोन स्थानकांमधला प्रवास क्षणात संपून वेळापत्रकाला अर्थच उरणार नाही. प्रत्येक मालडब्याचे एक कार्ड असते आणि त्याच्या खिशात चलन; चलनावर लिहिलेले असते की रिकामा डबा खाणीवर ठेवायचा, भरून झाला की गोदीत न्यायचा. चालकाला हातातल्या चार कार्डांप्रमाणे डबे लावायचे असतात, त्यात यार्डात आधीच जागा नसते, मागून एक्सप्रेस येत असते, आणि नियंत्रक तिला वाट करून द्यायला सांगत असतो. एरवी चार वाक्ये सलग न बोलणारा माणूस अशा वेळी पाच जणांशी तावातावाने वाद घालताना दिसतो.

ब्रिटनमध्ये बोलण्याचीही गरज उरलेली नाही. तिथल्या जुन्या सिग्नल पद्धतीत दोन केबिनमधले कर्मचारी घंटेच्या ठोक्यांनी बोलत: सलग चार ठोके म्हणजे ‘एक्सप्रेस घेता का?’, दोन ठोके म्हणजे ‘गाडी निघाली’, दोन आणि थांबून एक म्हणजे ‘गाडी पोहोचली, मार्ग मोकळा’. समोरच्याने तेच ठोके परत दिले की लाइन क्लिअर. प्रतिकृती चालवतानाही एकाच खोलीत हाताच्या अंतरावर उभे असलेले दोघे संध्याकाळभर घंटेवरच संभाषण करतात, आणि त्यातही हात ओळखता येतो: कोणाचे ठोके घाईचे, कोणाचे मोजून मारलेले. पीटर डेनी या धर्मोपदेशकाने दुसऱ्या महायुद्धानंतर बांधायला घेतलेल्या ‘बकिंगहॅम’ या गाजलेल्या प्रतिकृतीवर ही पद्धत काटेकोर होती, आणि पलीकडच्या टोकाला उभे राहायला नेहमी कोणी मिळेना, तेव्हा त्यांनी घंटेला उत्तर देणारे यंत्रच घडवून त्याला आपल्या मुलाचे नाव दिले: ‘ऑटोमॅटिक क्रिस्पिन’. सोबत्याची उणीव भरून काढायला केलेला इतका खटाटोप या छंदाचा स्वभाव सांगून जातो.

विनोदही यातूनच जन्मतात. इंजिनाच्या चाकांची रचना तीन आकड्यांनी सांगण्याची रीत आहे, जसे ‘चार-सहा-दोन’. त्यावरून सांध्यावर अडून बसलेल्या इंजिनाला ढकलणाऱ्या माणसाच्या पंजाला अमेरिकेत ‘शून्य-पाच-शून्य’ म्हणतात. अचूकतेच्या नादात दुसऱ्यांच्या इंजिनावरचे रिव्हेट मोजत बसणाऱ्यांना ‘रिव्हेट काउंटर’ म्हणून टोमणे मारले जातात, आणि त्यांना द्यायचे ठरलेले उत्तर म्हणजे ‘नियम पहिला: ही माझी रेल्वे आहे’. कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे जॉन ॲलन यांनी उभारलेल्या, डोंगरदऱ्यांसाठी जगभर नावाजलेल्या प्रतिकृतीवर डबे ओढायला इंजिनाऐवजी ‘एमा’ नावाचा एक डायनासोर होता, आणि काटेकोरपणाबद्दल ॲलन यांना गुरू मानणाऱ्यांनी तोही आनंदाने चालवून घेतला. ॲलन १९७३ च्या जानेवारीत वारले आणि पुढच्या काही दिवसांतच आगीत ती प्रतिकृती नष्ट झाली.

घर कसे आहे यावरही सोबतीचे रूप ठरते. अमेरिकेत तळघर मोठे, म्हणून दहा-बारा जणांना कामाला लावणाऱ्या प्रतिकृती तिथेच अधिक. ब्रिटनमध्ये माळा नाहीतर बागेतले खोपट, म्हणून भिंतीलगतची फळी, एका टोकाला स्थानक आणि दुसऱ्या टोकाला पडद्याआड गाड्या हातांनी लावण्याची जागा. जपानच्या शहरांत एवढीही जागा नसल्यामुळे तासाच्या भाड्याने रूळ मिळतात. आपली गाडी डबीत घालून न्यायची, चालवायची आणि परत आणायची. या अडचणीचे सर्वांत नामी उत्तर युरोपातल्या छांदिष्टांनी काढले. १९८१ साली स्थापन झालेल्या ‘फ्रेमो’ या संघटनेत प्रत्येकाने घरी फक्त एक तुकडा बांधायचा, पण त्याची दोन्ही टोके ठरवून दिलेल्या आकाराची आणि ठरवून दिलेल्या ठिकाणी भोके पाडलेली हवीत. मग एखाद्या गावातले क्रीडागृह भाड्याने घेऊन वेगवेगळ्या देशांतून गाड्यांत भरून आणलेले तुकडे बोल्टने जोडायचे, सगळ्या स्थानकांचे मिळून वेळापत्रक काढायचे आणि दोन-तीन दिवस ती रेल्वे चालवायची. डचाचा नदीवरचा पूल जर्मनाच्या शेताला लागून येतो, आणि दोघांची भाषा जुळो न जुळो, टोके जुळलेली असतात.

प्रदर्शनांबद्दल थोडक्यात सांगायचे तर ती पाहणाऱ्यांसाठी भरवली जात असली तरी तिथली खरी देवघेव प्रतिकृतीच्या मागच्या बाजूला, चहाच्या कपांवर होते. तिला किती मोल आहे हे २०१९ च्या मे महिन्यात कळले. इंग्लंडमधील स्टॅमफर्ड येथे मार्केट डीपिंगच्या मंडळाने मांडलेल्या प्रदर्शनात रात्री घुसलेल्या काही तरुणांनी सभासदांनी वर्षानुवर्षे बांधलेल्या प्रतिकृती तुडवून टाकल्या. मंडळाने ५०० पौंडांच्या मदतीचे आवाहन केले. जमा झाले एक लाखाहून अधिक, त्यांत स्वतः मुरलेला छांदिष्ट असलेल्या रॉड स्टुअर्ट या गायकाचे १०,००० पौंड होते. तरीही या बिरादरीची एक बाजू झाकून चालणार नाही: तिच्यात पुरुषांचाच भरणा आहे, त्यांचे सरासरी वय वाढते आहे, आणि अनेक मंडळांच्या कामात आता दिवंगत सभासदाचा माळा रिकामा करून त्याच्या कुटुंबाला वस्तूंचे रास्त मोल मिळवून देणे हेही काम येऊन बसले आहे.

महाराष्ट्रात या छंदाचा मोठा टप्पा म्हणजे पुण्यात कोथरूड भागात भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले आणि १९९८ साली खुले झालेले लघुरेल्वेचे संग्रहालय. पिढ्यान्‌पिढ्या शाळकरी मुले ते पाहून गेली, पण त्याची रचना स्वाभाविकपणे प्रेक्षकांसाठी आहे, आणि इथल्या छांदिष्टांना हवा असलेला चालकांचा जथा त्यातून तयार होण्याची अपेक्षा करणे रास्त नाही. भारतीय रेल्वेची प्रतिकृती करणाऱ्यापुढे मापाची अडचणही आहेच, कारण १,६७६ मिलिमीटरचे ब्रॉडगेज १:८७ मध्ये १९.३ मिलिमीटर भरते आणि त्या गेजचे रूळ-चाके दुकानात मिळत नाहीत. म्हणून बहुतेक जण साडेसोळावर समाधान मानतात, आणि ब्रिटिशांचा जुना वाद इथे नव्याने घालायला मोकळे राहतात. विषयांची मात्र वाण नाही. कर्जत स्थानकच घ्यावे. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना बोरघाटातल्या सदतिसास एक चढावर रेटण्यासाठी तिथे मागून बँकर इंजिने लागतात, तेवढ्या वेळात प्रवासी वडे खाऊन घेतात, आणि लोणावळ्याला ती इंजिने सुटून परत खाली यावी लागतात. उतरणाऱ्या गाडीला घाटात ठरल्या जागी थांबून ब्रेक लागतात हे दाखवून द्यावे लागते, नाहीतर सांधा कॅच सायडिंगकडेच, म्हणजे बेफाम गाडीला अडवणाऱ्या आडरुळाकडेच, लावलेला असतो. हे सारे फळीवर मांडायचे तर कर्जतला एक माणूस, बँकरवर एक, ठाकूरवाडी आणि मंकी हिलच्या केबिनमध्ये एकेक, लोणावळ्याला एक, आणि वर नियंत्रक एवढी माणसे किमान लागतील.