चमचा कोणता, बाटली कोणती?

भंडाऱ्याहून बोलतोय. ओव्हरडोस म्हटलं की लोकांना सिनेमातला सीन आठवतो. मला आठवतो आमच्या घरचा चहाचा चमचा.

भाचीला ताप होता. आईने सिरप पाजलं, तासाभराने ताईने पुन्हा पाजलं. कोणी कोणाला विचारलंच नाही! डॉक्टर म्हणाले, या वेळी धोका नाही. मग मी बाटल्या उलटून वाचायला लागलो. पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलिलीटरला १२५ मिलिग्रॅमचं येतं, २५० चंही येतं. बाळांच्या ड्रॉप्समध्ये मात्र १ मिलिलीटरलाच १०० मिलिग्रॅम असू शकतं. म्हणजे १२५ वाल्या सिरपच्या मापाने ते ड्रॉप्स पाजले, तर डोस चौपट. वरून सर्दीच्या कितीतरी सिरपमध्येही पॅरासिटामॉल असतंच. जास्त झालं की मार बसतो लिव्हरला, आणि पहिल्या दिवशी पोरगं अगदी ठीक दिसू शकतं. म्हणून "खेळतंय ना, मग काय!" असं म्हणत थांबू नका.

हे झालं आपल्या हातून होणारं. पण चमचा बरोबर असला आणि बाटलीच विषारी निघाली तर?

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तेच झालं. नागपूरला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यात 'कोल्ड्रिफ' सिरप प्यायलेली २० हून जास्त मुलं गेली. कित्येकांना उपचारासाठी नागपुरात आणलं होतं. तमिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाच्या तपासणीत एसआर-१३ या बॅचमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं. चालतं किती? ०.१ टक्के. हे औद्योगिक द्रव्य गोडसर, बिनरंगी असतं. शरीरात गेलं की किडनी बंद पाडतं. सिरपमध्ये औषध विरघळवायला जे प्रॉपिलीन ग्लायकॉल वापरतात, ते न तपासता घेतलं की हे आत शिरू शकतं. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाने १४ रुग्ण दगावले होते, तिथे ते ग्लिसरॉलमधून आलं. लेंटिन आयोग बसला, अहवाल आला. तरी ४० वर्षांनी तेच!

चव घेऊन हे कोणत्याच आईला कळणार नाही. ती तपासणी कारखान्याची आणि सरकारची, आईबापांवर ढकलू नका. आपल्या हातात एवढंच: सिरप सुरू असताना पोराला उलट्या झाल्या, लघवी कमी झाली किंवा थांबली, तर औषध बंद करा आणि १०८ ला फोन लावा किंवा सरळ दवाखाना गाठा. बाटली सोबत न्या, बॅच नंबर तिच्यावरच असतो. दोन वर्षांखालच्या बाळाला खोकल्याचं सिरप देऊच नये, हे केंद्र सरकारनेही सांगितलंय.

आमच्याकडे आता कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी भाचीच्या औषधाची वेळ लिहिलेली असते. लिहिते आई, तपासते ताई.