साबणासाठी तेल: फूड ग्रेड घ्यायचं की कॉस्मेटिक ग्रेड?

रील्समध्ये घरचा साबण एका मिनिटात तयार होतो. तेल, कॉस्टिक सोडा, पाणी, हँड ब्लेंडर, झालं! पण सामान मागवायला शॉपिंग अ‍ॅप उघडलं की गोंधळ सुरू होतो. खोबरेल तेल सर्च केलं तर 'फूड ग्रेड', 'कॉस्मेटिक ग्रेड' आणि 'हेअर ऑइल' असे तीन प्रकार समोर येतात, किमतीही वेगवेगळ्या. मग घ्यायचं कोणतं?

थोडक्यात उत्तर: बहुतेक वेळा किराणा दुकानातलं खाण्याचं तेल मस्त चालतं. पण ते का चालतं हे समजून घ्या, कारण चुकीची बाटली उचलली तर प्रश्न पैशांचा नाही, त्वचेचा आहे.

साबण तयार कसा होतो?

तेलाच्या एका रेणूत ग्लिसरॉलला तीन फॅटी अ‍ॅसिड्स जोडलेली असतात. कॉस्टिक सोडा हे जोड तोडतो. फॅटी अ‍ॅसिडचा साबण होतो आणि ग्लिसरीन मोकळं होतं. कोणत्या तेलाला किती सोडा लागतो याचा आकडा असतो, त्याला सॅपोनिफिकेशन व्हॅल्यू म्हणतात. १ ग्रॅम खोबरेल तेलाला साधारण ०.१८३ ग्रॅम सोडा लागतो, तर ऑलिव्ह ऑइलला ०.१३५ ग्रॅम.

लाय कॅल्क्युलेटर हाच गुणाकार करून देतो. ५०० ग्रॅम खोबरेल तेल घेतलं तर ९१.५ ग्रॅम सोडा. त्यातला ५ टक्के मुद्दाम कमी करतात, म्हणजे थोडं तेल उरतं पण सोडा उरत नाही. याला सुपरफॅट म्हणतात. शेवटी आकडा येतो साधारण ८७ ग्रॅम.

पण बाटलीत खरंच काय आहे, हे कॅल्क्युलेटरला दिसत नाही. तुम्ही 'कोकोनट ऑइल' निवडलं की तो ते शंभर टक्के खोबरेल आहे असं धरूनच चालतो. इनपुट चुकलं की आउटपुटही चुकणार.

मग ग्रेडचा अर्थ काय?

खाण्याच्या तेलाच्या पॅकवर एफएसएसएआयचा १४ अंकी लायसन्स नंबर असतो. कच्च्या तेलाच्या बाटलीवरचं 'कॉस्मेटिक ग्रेड' हे मात्र बऱ्याचदा विक्रेत्याचं वर्णन असतं. सहसा त्याचा अर्थ एवढाच, की तेल रिफाइन करून रंग आणि वास काढलाय. दोन्ही बाटल्यांत शुद्ध खोबरेलच असेल, तर सोड्याला काही फरक पडत नाही.

ही सीमारेषा किती पुसट आहे बघा. शुद्ध खोबरेल तेलाचे छोटे पॅक खाण्याचं तेल मानायचे की केसांचं, हा टॅक्सचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १८ डिसेंबर २०२४ ला कोर्टाने सांगितलं, की पॅक छोटा आहे एवढ्यावरून ते हेअर ऑइल ठरत नाही, पॅकिंग आणि लेबल काय सांगतं ते बघावं लागेल.

खरा धोका कुठे आहे?

धोका आहे तो मिश्र हेअर ऑइलमध्ये. अनेक हेअर ऑइलमध्ये मिनरल ऑइल असतं. ते पेट्रोलियमपासून बनतं, त्यात फॅटी अ‍ॅसिड नसतंच, त्यामुळे त्याचा साबण होत नाही.

समजा, तुमच्या ५०० ग्रॅम तेलात ४० टक्के मिनरल ऑइल आहे. म्हणजे खोबरेल फक्त ३०० ग्रॅम, आणि त्याला सोडा पुरतो साधारण ५५ ग्रॅम. तुम्ही घातला ८७. उरलेला ३२ ग्रॅम कॉस्टिक सोडा वडीतच राहिला! अशा साबणाने त्वचा भाजू शकते.

कॉस्मेटिक ग्रेड कुठे हवंच?

सुगंध आणि रंगासाठी. केकमध्ये घालायचा इसेन्स साबणात घालू नका, त्वचेसाठी बनवलेलं फ्रेग्रन्स ऑइल घ्या. खाण्याचे रंगही सोड्यामुळे बदलतात किंवा उडतात, त्यामुळे कॉस्मेटिक ग्रेड मायका किंवा आयर्न ऑक्साइड बरे.

ऑर्डर करण्याआधी चेक करा

- बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो झूम करा. मिनरल ऑइल, लाइट लिक्विड पॅराफिन, एलएलपी किंवा पॅराफिनम लिक्विडम दिसलं तर ती बाटली नको.
- 'ब्लेंडेड' तेल असेल तर लेबलवरचं प्रमाण बघून प्रत्येक तेल वेगळं टाका.
- सुटं तेल टाळा. त्यात काय मिसळलंय ते कळत नाही.
- लाकडी घाण्याचं तेल चालतं, पण त्याचा रंग-वास साबणात उतरतो.
- सूर्यफूल, करडई, सोयाबीन तेल कमीच वापरा. ही तेलं लवकर खवट होतात आणि वडीवर नारिंगी डाग पडतात.

गॉगल आणि हातमोजे घातल्याशिवाय सोड्याला हात लावू नका. सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. अ‍ॅल्युमिनियमचं, म्हणजे आपलं 'जर्मनचं' भांडं अजिबात नको. सोडा त्याच्याशी रिअ‍ॅक्ट होतो आणि हायड्रोजन वायू निघतो. स्टेनलेस स्टील घ्या.

आणि हो, साबण विकायचा विचार असेल तर कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० नुसार आधी उत्पादनाचं लायसन्स काढावं लागतं. घरच्या वापरासाठी मात्र महागड्या 'ग्रेड'च्या मागे धावण्यापेक्षा मागचं लेबल नीट वाचा आणि वजनकाटा अचूक ठेवा.