रेटिंग ८.४, तरी आई मध्यंतरात का उठली? सिनेमाचे आकडे असे वाचा

गेल्या वर्षी आई चार दिवस माझ्याकडे पुण्याला आली होती. शनिवारी तिला पिक्चरला न्यायचं ठरवलं. ॲप उघडलं, रेटिंगप्रमाणे यादी लावली, सगळ्यात वरचा ८.४ वाला सिनेमा निवडला आणि दोन तिकिटं काढली. मध्यंतर झालं तशी आई म्हणाली, "चांगला असेल रे, पण माझ्यासाठी नाहीये. घरी जाऊया का?"

तिकिटाचे पैसे गेले त्याचं फार काही नाही. पण आई कितीतरी वर्षांनी थिएटरला आली होती आणि ती संध्याकाळ मी एका आकड्याच्या भरवशावर घालवली. आकड्यांशी खेळणं हेच माझं रोजचं काम, तरी साधी चूक केली. ८.४ हा त्या सिनेमाचा गुण आहे असं मी धरून चाललो. खरं तर तो मत देणाऱ्या लोकांचा गुण असतो. हा फरक समजून घेऊया.

सरासरी वेगळी, टक्का वेगळा

आयएमडीबीवर दिसतो तो १ ते १० मधला आकडा म्हणजे सरासरी. तीही साधी नाही, भारित सरासरी. म्हणजे प्रत्येक मताला सारखंच वजन मिळेल असं नाही. कोणी टोळीने येऊन आकडा वरखाली करू नये म्हणून ही सोय, आणि म्हणूनच नेमकं सूत्र ते उघड करत नाहीत.

रॉटन टोमॅटोजचा टक्का ही वेगळीच गोष्ट आहे. तिथे समीक्षकाला सिनेमा एकंदरीत आवडला की नाही एवढंच मोजतात. किती आवडला ते त्या टक्क्यात येत नाही. ६०% किंवा जास्त समीक्षकांना आवडला की लाल टोमॅटो, नाहीतर हिरवा.

एक छोटं गणित करून बघा. पहिल्या सिनेमाला दहाही समीक्षकांनी १० पैकी ६ दिले, म्हणजे "ठीक आहे, बघायला हरकत नाही." सरासरी ६, पण टक्का १००! दुसऱ्या सिनेमाला सहा जणांनी १० दिले आणि चौघांनी २. सरासरी ६.८, टक्का फक्त ६०. आयुष्यभर लक्षात राहील असा सिनेमा बहुतेक दुसराच असणार, पण टक्का बघून आपण तिकीट काढणार पहिल्याचं.

मत दिलं कोणी?

पहिल्या दिवशी पहिला शो कोण बघतं? फॅन. त्यामुळे शुक्रवार दुपारचा आकडा बऱ्याचदा फुगलेला असतो. उलटही होतं. राग असलेले लोक सिनेमा न बघताच १ देऊन मोकळे होतात. हा त्रास इतका वाढला की २०१९ मध्ये रॉटन टोमॅटोजने प्रदर्शनाआधीच्या प्रेक्षक-प्रतिक्रिया बंद केल्या आणि तिकीट काढल्याची खात्री झालेल्या प्रेक्षकांचा आकडा वेगळा दाखवायला सुरुवात केली.

नेटफ्लिक्सचा किस्सा तर आम्हा इंजिनिअर लोकांचा आवडता. २००६ मध्ये त्यांनी जाहीर केलं: कोणता प्रेक्षक कोणत्या सिनेमाला किती तारे देईल याचा आमच्यापेक्षा १०% अचूक अंदाज बांधून दाखवा, १० लाख डॉलर घेऊन जा. बक्षीस मिळवायला लोकांना २००९ उजाडलं. या स्पर्धेत 'नेपोलियन डायनामाइट' नावाच्या २००४ च्या विनोदी सिनेमाने सगळ्यांना घाम फोडला. लोक त्याला एकतर पाच तारे द्यायचे, नाहीतर एक. बाकी आवडीनिवडी सारख्या असलेल्या दोन माणसांचंही त्याच्याबद्दल एकमत होईना. अशा सिनेमाची सरासरी काढली तर मधला आकडा येतो, आणि तसं वाटणारा माणूस जवळपास कोणीच नसतो.

नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये तारे काढून टाकले आणि अंगठा आणला. सोबत दाखवला तो "मॅच" टक्का. सिनेमा किती चांगला हे तो सांगत नव्हता. तुमच्या प्रोफाइलवर जे बघितलं गेलंय त्यावरून तुम्हाला किती आवडेल, याचा तो अंदाज होता. प्रोफाइल तुमचं आणि सिनेमा आईसाठी, मग तो टक्का काय कामाचा?

सिनेमा पडतो कधी? शब्द मोडला की

अमेरिकेत सिनेमास्कोर नावाची कंपनी आहे. पहिल्या रात्री थिएटरमध्ये आलेल्या प्रेक्षकांकडूनच ती सिनेमाला श्रेणी घेते, ए-प्लस ते एफ. पैसे मोजून, उत्साहाने आलेले लोक सहसा बरीच श्रेणी देतात. २०१७ मध्ये मात्र 'मदर!' या सिनेमाला थेट एफ मिळाली. गंमत म्हणजे बहुसंख्य समीक्षकांना तो आवडला होता.

मग बिनसलं कुठे? दिग्दर्शक डॅरेन ॲरोनॉफस्की, नायिका जेनिफर लॉरेन्स आणि ट्रेलर भयपटासारखा. लोक घाबरायची मजा घ्यायला गेले आणि पडद्यावर निघाली बायबलच्या संदर्भांची रूपककथा. बिर्याणी सांगितली आणि समोर ताक आलं, तर ताक कितीही छान असो, माणूस चिडणारच. ट्रेलर, पोस्टर, नाव हे सगळं म्हणजे प्रेक्षकाला दिलेला शब्द. सिनेमा तो पाळतो का, आणि तो शब्द योग्य माणसापर्यंत पोहोचतो का, यावर बरंचसं ठरतं.

आपल्याकडचं उदाहरण

'शोले' १५ ऑगस्ट १९७५ ला लागला तेव्हा सुरुवातीचा प्रतिसाद थंड होता. जाणकारांनी तो पडला असं सांगूनही टाकलं होतं. मग बघून आलेल्यांनी दुसऱ्यांना सांगितलं, त्यांनी आणखी कोणाला, आणि मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षं चालला. पहिल्या शुक्रवारीच आकडा ठरला असता तर?

२०२३ चा केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' आठवा. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा. बायका नटूनथटून, ग्रुप करून थिएटरला गेल्या. आई, मावशी, आत्या, शेजारच्या काकू. आता सांगा, त्यातल्या किती जणींनी घरी येऊन ॲपवर तारे दिले असतील? माझ्या आईच्या फोनवर तर तसलं ॲपच नाही. तिचं मत कुठल्याच सर्व्हरवर जात नाही.

हे मराठी सिनेमाला महागात पडतं. मुळात शो कमी मिळतात, त्यात पहिल्या शनिवार-रविवारी गर्दी दिसली नाही की पुढच्या आठवड्यात आणखी कमी. ज्याचा प्रेक्षक ऐकून, उशिरा येणारा आहे, तो प्रेक्षक पोहोचेपर्यंत सिनेमा उतरलेला असतो.

मी आता काय करतो

१. मतांची संख्या बघतो. दोनशे मतांचा ९ आणि पन्नास हजार मतांचा ७.५ यात मला दुसरा जास्त भरवशाचा वाटतो.

२. रेटिंगवर टॅप करून बार ग्राफ बघतो. १० आणि १ या दोन्ही टोकांना उंच दांड्या असतील तर सरासरी विसरायची.

३. ५ ते ७ देणाऱ्यांचे रिव्ह्यू वाचतो. १० वाले आरती करतात, १ वाले शिव्या देतात. मधले लोक सांगतात की सिनेमा संथ आहे, मारामारी फार आहे, शेवट रडवतो. निवडायला हेच लागतं.

४. स्वतः मत देताना एक ओळ लिहितो: हा सिनेमा कोणाला आवडेल. पुढच्याला तिचा आकड्यापेक्षा जास्त उपयोग होतो.

दिवाळीत आई पुन्हा आली. या वेळी रेटिंगची यादी लावली नाही. तिलाच विचारलं, कसला बघायचाय? म्हणाली, "हसवणारा, आणि भांडणं नकोत." ६.७ रेटिंगचा एक मराठी सिनेमा सापडला. शेवटची पाटी पडेपर्यंत आई जागची हलली नाही. रिक्षात बसल्या बसल्या तिने मावशीला फोन लावला, "अगं, बघून ये, तुला आवडेल." रविवारी मावशी आणखी तिघींना घेऊन गेली.